माझा कोयता कुणी नेला

१

हर्षदच्या हातातला कोयता भर सकाळी, चार माणसांच्या देखत नाहीसा झाला आणि तो सापडला नाही म्हणून संघर्षला जन्मठेप झाली.

ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. कोयता हर्षदचा, जीव गेला तोही हर्षदचा, मग कोयता हरवल्याची शिक्षा दुसऱ्याला कशी? पण प्रकरण होतं ते असंच. निसर्ग वादळानं खारशेतच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. मग सगळ्या गावानं नवी रोपं लावली आणि त्या रोपांना पाणी मात्र त्याच एका जुन्या विहिरीचं. पुढच्या हिवाळ्यात पाण्याच्या पाळीवरून हर्षद आणि संघर्ष वाडीत भांडले. दोघे पहिलीपासून एका बाकावर बसलेले. संघर्षचं म्हणणं असं, की हर्षदनं कमरेचा कोयता काढून वार केला, तो त्यानं डाव्या हातावर झेलला, आणि दुसरा वार यायच्या आत फावड्याचा दांडा हाणला. एकदाच हाणला, पण तो डोक्यात बसला. हर्षद दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

खालच्या कोर्टानं साधा प्रश्न विचारला: कोयता कुठे आहे? पोलिसांनी विहीर उपसली होती, वाडी पालथी घातली होती. कोयता नव्हता. उलट हर्षदच्या घरी भिंतीला टांगलेला कोयता सापडला. मग हातावरची जखम कुंपणाच्या तारेची ठरली, स्वसंरक्षणाची बाजू कोसळली, आणि रिकाम्या हातांच्या मित्राला मारणारा म्हणून संघर्ष आत गेला. त्याला आता चार वर्षं झाली.

हायकोर्टातलं अपील ॲडव्होकेट मैत्रीकडे आलं होतं. मैत्री माणगावची. खुनाचं अपील स्वतःच्या नावावर लढवायची ही तिची पहिली वेळ, तरी जेवण दोन्ही वेळेला व्यवस्थित जात होतं. कागद वाचून तिचं कधी समाधान होत नसे. सुनावणी दिवाळीनंतर होती. तिनं स्कूटर काढली आणि ती थेट दिघीच्या अलीकडच्या खारशेतला येऊन थडकली.

संघर्षची आई बायजाबाई पडवीत बसून शहाळी सोलत होती. मागे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पुढ्यात नारळाच्या सालींचा ढीग, आणि त्या ढिगाकडे शेजारणीचं रांगतं बाळ मोठ्या उमेदीनं निघालेलं.

"जय भीम, आजी. मी मैत्री. संघर्षची वकील."

"जय भीम, बाय. अशी उन्हाची आलीस? बस." बायजाबाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "वकील म्हंजे मना वाटला कोण तरी मोठी असंल. तू तर अजून पोर हायस."

बोलता बोलता म्हातारीनं हातातला कोयता वर पडवीच्या छपराच्या नारळी झापांत खोचला, बाळाला बखोटीला धरून मांडीवर घेतलं आणि शहाळं मैत्रीच्या हातात दिलं. पाणी गोड होतं. मैत्रीनं ते एका दमात संपवलं आणि मग कामाचं विचारलं.

"कोयता मी बगितला," बायजाबाई म्हणाली. "ह्या डोळ्यांनी. पाण्याच्या पाटाच्या कडंला पडलेला. हर्षदच्या तोंडावर पाणी मारलं, पदर फाडून डोक्याला बांधला. मंग लोक आले. मंग बगितलं तर कोयता न्हाय. कोर्टात सांगितलं, तर म्हणाले, आईच ती, पोरासाठी बोलणारच."

"कुणी नेला असेल?"

"चांगदेवनं. हर्षदच्या भावानं. ज्यानं कुणी नेला, त्याच्या हाताला कोड फुटू दे." म्हातारीचा आवाज क्षणभर फाटला. मग तिनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझा पोरगा घरी आला पायजे, बाय. मी काय आता लय दिवसांची न्हाय."

मैत्रीनं मान हलवली. शहाळ्यातलं खोबरं तसंच ठेवून ती उठली.

२

चांगदेव अंगणात वादळातून वाचलेल्या चार झाडांची सुपारी वाळत घालत होता. वकीलबाई कुणाच्या, हे गावभर आधीच झालं होतं, त्यामुळे त्यानं तिला बसायलाही सांगितलं नाही.

"मी कोर्टात सांगितलं तेच सांगतो," तो म्हणाला. "रस्त्यावर होतो. आरडाओरडा ऐकला, धावत गेलो. भाऊ पडलेला. त्याचे दोन्ही हात रिकामे. आजूबाजूला कोयता नव्हता, काय नव्हतं."

"नीट पाहिलंत?"

"भाऊ माझा पडला होता, बाई. मी काय फुलं बघत होतो?"

हा माणूस तिरसट होता, पण खोटं बोलणारे जसे फार सफाईनं बोलतात तसा तो बोलत नव्हता. त्याच्या बोलण्यात चार वर्षांपूर्वीचं दुःख अजून ओलं होतं.

"तुमच्याआधी तिथे कोण होतं?"

"संघर्ष, आणि म्हातारी. हर्षदची पोर माझ्या आधीच धावत पोचली होती, मागून तिची आई आली. मंग शेजारच्या वाडीतनं बदरुद्दीनचाचा आले. संपलं." त्यानं सुपारीची पाटी आदळली. "कोयता असता तर दिसला असता. नव्हताच. म्हातारीनं मनानं उभा केला."

"तिचं म्हणणं आहे तुम्ही नेला."

चांगदेव हसला, कडवट. "मी भावाला उचलून रिक्षात घातला. दोन्ही हातांत भाऊ होता. कोयता काय दातांत धरून नेला?"

मैत्री निघाली. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"चाचांना विचारा की. त्याच संध्याकाळी पंपाच्या खोपीतनं गोणपाटात काहीतरी गुंडाळून नेत होते. मी बगितलं. पोलिसांना नाय सांगितलं, कारण म्हातारा भला माणूस हाय. पण नेलं, हे खरं."

३

बदरुद्दीनचाचा तरुणपणी आखाताकडे जाणाऱ्या जहाजांवर खलाशी होते. आता त्यांचं जहाज म्हणजे विहिरीशेजारची ती पंपाची खोपी. खोपीत त्यांचे नारळ, त्यांची दोरखंडं आणि त्यांची आरामखुर्ची. मैत्री गेली तेव्हा ते शिडीवर चढून सुटलेला झाप बांधत होते.

"अस्सलाम वालेकुम, चाचा. मदत करू?"

"वालेकुम सलाम. नको बेटी, तू पडशील आणि केस माझ्यावर होईल." ते खाली उतरले. "ही खोपी वादळात उडाली होती. त्याच पावसाळ्यात नवीन उभी केली, तेव्हापासून दर साल मीच शाकारतो. जुना झाप काढत नाही, वरच नवीन घालतो. जुनं काढलं की सगळे उंदीर माझ्या घरात."

मैत्रीनं वर पाहिलं. झापांची जाड गादी झाली होती आणि प्रत्येक बांबूला एक ठाशीव, देखणी गाठ.

"खलाशाची गाठ," चाचा खूश होऊन म्हणाले. "खारशेतात दुसऱ्या कुणाला येत नाही. उभी केल्यावर पुढच्या उन्हाळ्यातल्या पहिल्या शाकारणीला तर माझ्या जुन्या लाँचची डांबरी दोरी लावली. काय दोरी होती. तेवढ्यातच संपली. त्यानंतर मग ही निळी नायलॉन, बाजारातली."

"चाचा, त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही इथून गोणपाटात काय नेलंत?"

चाचांचा चेहरा पडला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, मग आवाज एकदम खाली आणला.

"पोलीस खोपीची झडती घेणार असं कुणीतरी म्हणालं. म्हटलं, सापडेल."

"काय सापडेल?"

"हलवा." ते कुजबुजले. "मस्कतचा. डबा होता मोठा. मला साखरेची बीमारी, रेहाना घरात गोडाचा दाणा ठेवत नाही. मी इथे लपवून…"

"कुठला हलवा?" मागून आवाज आला.

रेहानाचाची जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती. पुढची काही मिनिटं कायद्याच्या कुठल्याही कलमात बसणारी नव्हती. चाचांनी खुदाची कसम घेतली, चाचीनं त्यांच्या तिन्ही मुलांना दुबईला फोन लावायची धमकी दिली, आणि मैत्रीनं हसू दाबायला आरामखुर्चीमागे तोंड लपवलं.

वादळ शमल्यावर चाचा तिला फाटकापर्यंत सोडायला आले. "मी पोचलो तेव्हा कोयता नव्हता, बेटी. कोर्टातही हेच सांगितलं. खरं तेच बोललो आणि तो पोरगा आत गेला. रात्री नमाजनंतर त्याच्यासाठी दुआ मागतो, दुसरं काय करू?" ते थांबले. "एक गोष्ट सांगू? सगळ्यांना विचारलं. हर्षदच्या बायकोला कुणी काही विचारलं नाही."

४

मानसी आता हरिहरेश्वरला एका घरगुती खाणावळीत स्वयंपाक करत होती. देवदर्शनाला आलेल्या पंगतीचं उरकल्यावर ती पदराला हात पुसत मागच्या ओट्यावर आली. मैत्रीपुढे तिनं आंबोळी आणि खोबऱ्याची चटणी ठेवली. ज्याच्या खुनाचा खटला त्याच्या बायकोच्या हातचं खावं की नाही, हा प्रश्न मैत्रीला पडला. मानसीनं तो ओळखला.

"खा. तुमच्याशी माझं भांडण नाय."

मैत्रीनं खाल्लं आणि मनापासून म्हणाली, "फार छान झालंय."

"त्यांना आवडायची." मानसीनं तिच्या पानात आणखी एक वाढली. "तापट होते. घरात कधी हात उचलला नाय, पण वाडीत कुणी आडवं गेलं की डोकं फिरायचं. संघर्षनं मुद्दाम मारलं असंल असं मला कधी वाटलं नाय. पण मी दोन्हीकडनं खोटं बोलणार नाय. कोयता असता तर सापडला असता."

मैत्रीनं पिशवीतून एक फोटो काढला. हर्षदच्या घरी भिंतीवरून जप्त केलेला कोयता. साधं पातं, साधी लाकडी मूठ.

मानसीनं तो हातात घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हा कशाला?"

"हर्षदचा कोयता. पोलिसांनी जप्त केला तो."

"हा त्यांचा नाय. हा चुलीच्या लाकडांचा. ह्याला ते हातपण लावत नव्हते." तिनं फोटो परत केला. "त्यांचा कोयता झाडावर चढायचा. मुठीनं तळहाताला फोड यायचे, म्हणून मीच मासळीच्या जाळ्याचा हिरवा दोरा गुंडाळून दिला होता. असा गच्च, खालपासून वरपर्यंत."

"मग तो कुठे गेला?"

"मला काय ठाऊक? त्या दिवसानंतर घरात दिसला नाय. मला वाटलं, पोलिसांनी नेला तो तोच."

मैत्रीची आंबोळी हातातच राहिली. म्हणजे त्या सकाळी हर्षद कोयता घेऊनच वाडीत गेला होता. म्हातारी खरं बोलत होती. पण मग चांगदेव येईपर्यंतच्या तेवढ्याशा वेळात तो गेला कुठे?

"तुम्हाला त्या सकाळचं काय आठवतं?"

"मी मागून पोचले. घर वाडीला लागूनच, आमची ओवी माझ्या आधी धावली होती, तिच्या काकाच्याही आधी. अनवाणी, धावायला नुकतीच शिकलेली. मी पोचले तर ती बायजाआजीच्या कडेवर. नवरा तसा पडलेला, आणि मी आधी बघितले ते पोरीचे पाय." मानसी कसनुसं हसली. "आईचं असंच असतं. पायाला साधा ओरखडा नव्हता."

मैत्री परत निघाली तेव्हा तिच्याकडे सगळं होतं, फक्त कोयता नव्हता. कोयत्याशिवाय त्या हिरव्या दोऱ्याची किंमत कोर्टात शून्य होती.

५

दुसऱ्या दिवशी ती बायजाबाईचा निरोप घ्यायला गेली, तर पडवीत रणकंदन चालू होतं.

"माझा कोयता कुणी नेला?" म्हातारी कमरेवर हात ठेवून सगळ्या आळीला विचारत होती. "काल हितंच होता. मेल्यांनो, मागून न्यायला तोंड झडतं काय? ज्यानं नेला त्याच्या हाताला कोड फुटू दे."

शेजारीण आपल्या दारात उभी राहून हसत होती. "अगो आजी, दर दोन दिवसांनी तुझा कोयता चोरीला जातो. गावात दुसरं काय चोरायला न्हाय काय?"

"आजी," मैत्री म्हणाली, "तो काय वर. झापांत."

बायजाबाईनं वर पाहिलं. कोयत्याची मूठ झापांतून बोटभर बाहेर डोकावत होती.

"अगो बाय. हितं कुणी ठेवला?"

"तुम्हीच. काल माझ्याशी बोलताना. बाळ रांगत आलं म्हणून."

"मी? काय तरी बोलू नको." म्हातारीनं हात उंचावून कोयता ओढून काढला आणि त्याच्याकडे परक्या वस्तूसारखं पाहिलं. शेजारीण पोट धरून हसली. बाळही हसलं. मैत्री हसत होती, आणि हसता हसता थांबली.

तिला पाट आठवला. पाटाच्या कडेला पडलेलं उघडं पातं. अनवाणी धावत येणारी पोर. आणि पोरीच्या पायाला साधा ओरखडा नाही.

"आजी, पोर जवळ असली की कोयता वर खोचायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? सगळ्याच बाया खोचतात. माझी सासू खोचायची. हात आपला जातो."

"त्या सकाळी पाटाजवळ तुमच्या डोक्यावर काय होतं?"

"डोक्यावर काय असणार? खोपीची वळचण." म्हातारीचं बोलणं अर्ध्यात तुटलं. हातातला कोयता तिनं हळूच ओट्यावर ठेवला. तिचे डोळे मोठे झाले.

दोघी धावल्या. एक सत्तरीची, एक तिशीची, आणि पुढे सत्तरीची होती. पंपाच्या खोपीची वळचण पाटावरच उतरत होती. मैत्रीनं मोबाईलचा टॉर्च लावून आतून झापांकडे रोखला. काळपट, कुजकट पात्यांची गर्दी, कोळ्यांची जाळी, आणि त्यांच्या आत खोल काहीतरी हिरवं. गुंडाळलेल्या दोऱ्याचं एक टोक खाली लोंबत होतं.

बायजाबाईचा हात आपोआप वर गेला. मैत्रीनं तो घट्ट पकडला.

"नाही, आजी. आता ह्याला कुणीही हात लावायचा नाही. तुम्ही तर मुळीच नाही."

६

त्यानंतरचे दिवस खारशेतच्या माणसांना जन्मभर पुरतील. मैत्रीनं फोटो काढले, सरकारी वकिलांना कळवलं आणि जादा पुरावा घ्यावा म्हणून हायकोर्टात अर्ज टाकला. अर्जाचा निकाल येईपर्यंत खोपीला पहारा हवा होता. चाचांनी आरामखुर्ची दारात ओढली. बायजाबाई पाटाच्या ह्या कडेला घोंगडी टाकून बसली. ते ऐकून चांगदेव तरातरा आला आणि त्या कडेला बसला.

"तुम्ही लोक रात्रीत काही घालाल आत," तो म्हणाला. "मी बघतोच."

"बघ की," बायजाबाई म्हणाली. "तू हाललास तर मीच ओरडंन."

पहिला दिवस दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती. मग रेहानाचाचीनं सगळ्यांसाठी एकाच पातेल्यात चहा आणला आणि तो ओतायचं काम बायजाबाईवर आलं. तिनं चांगदेवपुढे कप ठेवला. त्यानं तो तसाच राहू दिला, आणि निवत आल्यावर प्यायला. आठवड्याच्या शेवटी तो म्हणाला, "काकी, साखर जरा कमी घाल." चार वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा काकी म्हटलं होतं. चाचांच्या कपात साखर मुळीच पडत नव्हती, पण त्याबद्दल ते बोलायच्या परिस्थितीत नव्हते.

अर्ज मंजूर झाला. खालच्या कोर्टानं नेमलेला अधिकारी आला, दोन्ही बाजूंचे वकील आले, फोटोवाला आला, आणि आमंत्रण नसलेलं सगळं गाव आलं. मानसीही ओवीला घेऊन एका बाजूला उभी राहिली.

सरकारी वकील वाकून वर बघत म्हणाले, "हे खालून खुपसलंय. कालही खुपसता आलं असतं."

"म्हणूनच आपण वरून सुरुवात करू," मैत्री म्हणाली.

झाप वरून एकेक करून निघू लागले. यंदाचे अजून पिवळसर होते. त्याखालचे तपकिरी, त्याखालचे काळे, आणि सगळ्या थरांना निळी नायलॉन. मग सगळ्यात खालचा, कुजून चिकटलेला थर आला. त्यात तो आडवा पडला होता. गंजलेलं पातं आणि गच्च हिरव्या दोऱ्याची मूठ. अधिकाऱ्यानं हातमोजे घालून तो ओढला. तो येईना.

"अडकलाय कशात तरी."

"अडकलेला नाही," मैत्री म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्याही नकळत चढला. "बांधलेला आहे. बघा."

मूठ आणि बांबू यांच्यावरून मिळून एक दोरी फिरली होती. काळी, डांबरी. तिच्यावर एक ठाशीव, देखणी गाठ. बदरुद्दीनचाचा शिडीजवळ आले, त्यांनी चष्मा पुसला आणि पाहिलं.

"या अल्ला. ही गाठ माझी. ही माझ्या लाँचची दोरी. वरून हाताला कठीण लागलं, मला वाटलं बांबूची कांब आहे. मी तिलाच बांधून टाकलं."

"ही दोरी कधी वापरलीत, चाचा?"

"खोपी उभी केल्यानंतरच्या पहिल्या शाकारणीला. तेव्हाच संपली. हर्षद गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

मैत्री सरकारी वकिलांकडे वळली. "चाचा तुमचेच साक्षीदार आहेत, साहेब. आधी कोयता, मग गाठ, मग वरचे सगळे थर. आणि मधल्या काही महिन्यांत आरोपीच्या आईनं मुद्दाम ठेवला असं म्हणायचं असेल, तर एक विचारते. खोटा पुरावा ठेवणारा माणूस तो सापडावा म्हणून ठेवतो. पोटचा पोर तुरुंगात, आणि ही आई पुरावा चार वर्षं झापांत कुजवत बसली? तिला माहीतच नव्हतं. तिनं कोयता लपवला नाही, तिनं तो ठेवला. आपण सगळे लपवणाऱ्याला शोधत होतो, आणि लपवणारा कुणी नव्हताच. चांगदेव खरं बोलले, चाचा खरं बोलले, आजी खरं बोलल्या. एकही साक्षीदार खोटं बोलला नाही, तरी निकाल चुकला."

मग मानसी पुढे आली. अधिकाऱ्यानं विचारल्यावर तिनं दोऱ्याकडे बघून सांगितलं, "हा त्यांचा. हा दोरा मी गुंडाळलाय." पुढे ती पाटाकडे बघत राहिली. मग वळचणीकडे. मग ओवीच्या पायांकडे.

"आजी," ती म्हणाली, "माझी पोर धावत आली म्हणून उचललास तू."

बायजाबाईचा चेहरा आक्रसला. इतका वेळ अंधारात असलेलं काहीतरी तिला आता दिसत होतं. "आली गो ती. थेट त्याच्यावरच येत होती. माझा हात गेला. मंग मी तिला उचलली." म्हातारी मटकन खाली बसली. "आणि मीच शाप देत बसले. माझ्याच हातांना."

मानसी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. तिनं म्हातारीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले.

"कोड नाय आलं," ती म्हणाली. दोघी रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि ते बघून चांगदेवनं तोंड फिरवून नाक शिंकरलं.

७

हायकोर्टाचा निकाल थोडक्यात होता. कोयता होता, वार झाला होता, हातावरची जखम त्या वाराशी जुळत होती, आणि जीव वाचवायला मारलेला एकच फटका हा खून नव्हे. निर्दोष मुक्तता. मैत्रीनं तो परिच्छेद कोर्टाबाहेर उभं राहून पुन्हा पुन्हा वाचला, मग वडापावच्या गाडीवर जाऊन दोन खाल्ले, आणि मगच गावी फोन केला.

संघर्ष आगरदांड्याहून फेरीबोटीनं आला. दिघीच्या धक्क्यावर अख्खं खारशेत उतरलं होतं. तो बारीक झाला होता, आणि इतकी माणसं बघून त्याला पाय कुठे टाकावा कळेना. बायजाबाईनं धावत जाऊन त्याच्या गालांना हात लावला आणि ती पहिलं वाक्य बोलली, "जेवलास काय?"

गर्दीच्या टोकाला मानसी होती. संघर्ष तिच्यापुढे जाऊन मान खाली घालून उभा राहिला. "वहिनी, तो माझा दोस्त होता. मी रोज…"

"ठाऊक हाय," मानसी म्हणाली. "यंदा तुझ्या सुपारीला पहिला फुलोरा आलाय. आमच्याही आलाय. पाण्याची पाळी आता आपण बसून ठरवू." हर्षदचं दुःख तिच्या आवाजात होतंच. ते कुठे जाणार नव्हतं. पण ती आली होती.

संध्याकाळी पडवीत शहाळ्यांचा ढीग पडला. चाचांना चाचीच्या परवानगीनं आज एक घोट गोड पाणी मिळणार होतं. चांगदेवनं शहाळी वाडीतून स्वतः उतरवून आणली होती, अंगण पोराटोरांनी भरलं होतं, ओवी त्यांत सगळ्यात पुढे. बायजाबाई सोलायला बसली, आजूबाजूला चाचपून पाहत उठून उभी राहिली.

"माझा कोयता कुणी नेला?"

अंगणातल्या सगळ्या माणसांनी एकदम वर पाहिलं. मैत्री हसत उठणार, तोच पाठमोऱ्या संघर्षनं मागे न बघता हात उंचावला, झापांतून कोयता काढला आणि आईपुढे धरला.

"घे, आये."

"तुला कसं कळलं?"

"लहानपणापासून मीच काढून देतो ना रोज."

म्हातारी कोयता हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. "मंग मेल्या, चार वर्षं सुचलं न्हाय?"

संघर्षनं विचार केला. "तिथं जो तो विचारायचा, कोयता कुणी लपवला. लपवला म्हटल्यावर तुझ्याकडं कोण बघणार, आये?"

बायजाबाईनं पहिलं शहाळं फोडलं आणि ओवीच्या हातात दिलं. दुसरं फोडलं, ते मुलाच्या हातात दिलं. मग तिसऱ्याला हात घालायच्या आधी तिनं सवयीनं कोयता वर खोचला, आणि सगळ्या अंगणानं एका आवाजात तिला सांगितलं, की वर ठेवलास बघ.